रिकामा खिळा

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मला काम लागलं. हे पहिल्याच ओळीत लिहितोय, कारण मागच्या पत्रात मी हवापाणी आधी आणि बातमी शेवटी लिहिली म्हणून तू रागावली होतीस.

कारखाना सायकलींचा आहे. शहरभर भाड्याने फिरणाऱ्या सायकली मोडल्या की इथे येतात. मुलाखतीची मी तयारी करून गेलो होतो. 'स्वतःबद्दल काही सांगा' याचं तू लिहून दिलेलं उत्तर पाठ होतं, आणि डॉक्टरांनी मला ऑटिझम म्हणजे स्वमग्नता आहे असं सांगितलंय, हे वाक्य त्यात कुठे घालायचं तेही ठरलं होतं. पण इथले मुख्य मिस्त्री काही विचारेचनात. त्यांनी एक वाकडं चाक माझ्या हातात दिलं आणि चहा प्यायला निघून गेले. मुलाखत संपली की अजून सुरू व्हायची आहे ते मला कळेना, म्हणून तोपर्यंत मी चाक सरळ करत बसलो. ते परत आले, चाक फिरवून बघितलं, आणि सोमवारपासून या म्हणाले. तेव्हा मी ते डॉक्टरांचं वाक्य सांगून टाकलं. ते बरं म्हणाले आणि कुठे बसायला आवडेल असं विचारलं. मी कोपरा मागितला, कारण हवा भरायचं यंत्र दुसऱ्या टोकाला आहे. आवाज अडवणारे हेडफोन लावायलाही हरकत नाही म्हणाले.

माझं काम चाकांचा आउट काढायचं. म्हणजे चाक स्टँडवर लावून हळू फिरवायचं, रिम कुठल्या बाजूला झुकतेय ते बघायचं आणि तिथले स्पोक चावीने कसायचे किंवा सैल करायचे. लहानपणी तुझी सायकल उलटी करून मी तासन्‌तास चाक फिरवायचो आणि तू मला भोवरा म्हणायचीस, तेच आता पगारी झालं. भिंतीवर प्रत्येकाचा एक खिळा आहे. एप्रन आणि आपलं हत्यार त्यावर टांगायचं. माझ्या खिळ्यावर स्पोकची चावी असते. दुसरं कुणी तिला हात लावत नाही, हे मला फार आवडलं.

चार महिने माणूस बघायचा आणि मग कायम करायचं की नाही ते ठरवायचं, अशी इथली रीत आहे. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हेही काम गेलं तर मी पुन्हा शोधणार नाही. हे चिडून लिहिलेलं नाही, ठरवून लिहिलंय. दर वेळी काम जातं, पण का गेलं ते कुणी सांगत नाही. मग ते एकट्यानेच शोधत बसावं लागतं, आणि सापडत तर कधीच नाही.

मावशी बरी आहे. तिचे गुडघे बरे नाहीत. लोभ आहे तेवढाच असू दे, वाढला तरी चालेल.

तुझा,
भोवरा


२० फेब्रुवारी

चि. भोवऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून मी कामावर दवाखान्यात एवढ्या मोठ्याने हसले, की खुर्चीत आ वासून बसलेल्या माणसाने घाबरून तोंड मिटलं आणि दाताचे डॉक्टर माझ्यावर डोळे वटारून बघायला लागले. तुला फोनवर बोलवत नाही, समोर चेहरा नसताना झटपट उत्तर द्यावं लागतं, म्हणून आपण पत्रं लिहायला लागलो. आता मला वाटतं हे माझ्याच पथ्यावर पडलंय. असली बातमी फोनवर एका श्वासात संपली असती. पत्र मी तीनदा वाचलं.

आता थोरली बहीण म्हणून कान पिळते. मागचं गोदामातलं काम कशाने गेलं ते आठव. हे असंच का ठेवायचं, ते तसंच का नाही, असं तू दिवसभर विचारायचास आणि तिथल्या साहेबाला वाटलं, हा आपल्या चुका काढतोय. तेव्हा या वेळी एक कर. काही कळलं नाही, कुणाचं वागणं विचित्र वाटलं, तर तिथे तोंड उघडू नकोस. शंका मनात ठेव, घरी ये आणि मला लिही. माणसांचा गुंता मी इथे बसून उकलून देईन. तू चाकांचा उकल.

मिस्त्री भला माणूस दिसतो. त्याला दुखवू नकोस. मावशीच्या गुडघ्यांना माझा नमस्कार सांग.

माया पोत्याने पाठवतेय, उतरवून घे.

तुझी,
ताई


३० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू सांगितल्याप्रमाणे मी तिथे काहीच विचारत नाही. त्यामुळे शंका साठल्या आहेत. सायकलींना रंग देणारी एक बाई माझ्या शेजारी काम करते. सगळे तिला रंगारीण म्हणतात. ती जाता-येता माझ्या अंगावर हात पुसायचं फडकं फेकते. फडकं तेलकट असतं. मी ते घडी करून तिच्या टेबलावर नेऊन ठेवतो. मग ती पुन्हा फेकते. मी काय चूक केली असेल?

मिस्त्री रोज माझी चाकं फिरवून बघतात आणि काहीही न बोलता घेऊन जातात. इतरांना ते ओरडतात, पाठीवर थाप मारतात. मला दोन्ही नाही. शिवाय आता सगळे मला मौनीबाबा म्हणायला लागलेत. हा अपमान आहे का? त्यांच्या चेहऱ्यावरून मला सांगता आलं नाही. हसत होते, पण लोक दोन्ही वेळेला हसतात.

काम मात्र छान चाललंय. चाक झुकणं थांबतं आणि रिम नुसती एक रेघ दिसायला लागते, तेव्हा पोटात थंड वाटतं. मावशी म्हणते मी हल्ली जेवताना बोलतो.

उत्तर लवकर लिही. लोभात खंड पडू देऊ नकोस.

तुझा,
भोवरा


६ एप्रिल

चि. भोवऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या शंकांवर मी डोकं खाजवून खाजवून विचार केला. फडक्याचं लक्षण मला काही ठीक दिसत नाही. त्या बाईला तुझा कोपरा हवा असेल. तू तिच्या वाटेला जाऊ नकोस आणि फडकंही परत नेऊन देऊ नकोस, पडलं तिथे राहू दे. मिस्त्री बोलत नाहीत म्हणजे तोलून बघताहेत. अशा वेळी आपण आणखी जपून राहावं. मौनीबाबा म्हणजे चेष्टा आहे, पण सौम्य. दुसऱ्या कानाने सोडून दे.

खरं सांगायचं तर तिथली माणसं डोळ्यांनी न बघता अंदाज बांधणं म्हणजे एक्स-रे न काढता दात उपटणं आहे. पण तू लिहीत जा. पोटात थंड वाटतं असं लिहिलंयस ती ओळ मी मावशीलाही कळवणार आहे. इतक्या वर्षांत तू कामाबद्दल असं काही म्हणाला नव्हतास.

जपून राहा, नीट जेव, माझी आठवण ठेव.

तुझी,
ताई


१७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बातमी पहिल्या ओळीत. माझं काम गेलं.

आज सकाळी कारखान्यात गेलो तर माझा खिळा रिकामा होता. एप्रन नव्हता, चावी नव्हती. माझं स्टूल टेबलावर उलटं ठेवलेलं आणि चाकाच्या स्टँडवर चादर टाकलेली. सगळे हातातलं काम सोडून माझ्याकडे बघत होते. कुणी काही बोललं नाही. रंगारीण तोंडावर हात धरून उभी होती. मिस्त्री दारात होते, त्यांनी मी बघितल्यावर तोंड फिरवलं.

प्रश्न विचारायचा नाही हे माझ्या लक्षात होतं. मी थोडा वेळ उभा राहिलो, म्हणजे त्यांना काही सांगायचं असेल तर सांगता यावं. कुणी सांगितलं नाही. मग मी हात धुतले, मला दिलेली कपाटाची किल्ली मिस्त्रींच्या टेबलावर ठेवली, येतो म्हणालो आणि निघालो. आवाज नीट निघाला की नाही ते माहीत नाही, कारण हेडफोन कानावरच होते.

काल त्यांनी माझ्याकडून नेलेली चाकं मी मनात एकेक करून पुन्हा फिरवून बघितली. एकही वाकडं नव्हतं. मग फडकं असेल का? एप्रिलपासून मी ते परत दिलं नाही, तू म्हणालीस म्हणून. माझ्या कोपऱ्यात फडक्यांचा ढीग झाला होता. की बोललो नाही म्हणून? गोदामात बोललो म्हणून गेलं होतं. ताई, मला खरंच काही कळत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चूक कशा असू शकतात?

शोधणार नाही हे मी फेब्रुवारीतच लिहिलं होतं. तेव्हा आग्रह करू नकोस.

लोभ असावा. तो कामावर अवलंबून नसावा.

तुझा,
भोवरा


२४ जून

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

मला फोनवर धड ऐकू येत नाही आणि घरात तो ऐकेल ही भीती, म्हणून कागद काळा करतेय. तुझं समजुतीचं पत्र त्याने वाचलं, घडी करून ठेवलं आणि पुन्हा गॅलरीत जाऊन बसला. जुनी सायकल उलटी ठेवलीय आणि चाक फिरवत असतो. लहान होता तेव्हा फिरवायचा ते वेगळं. तेव्हा त्यात मजा होती, आता नुसतंच फिरतं. जेवताना बोलणं बंद. तुझी आई असती तर म्हणाली असती, जाऊन त्या मिस्त्रीचा गळा धर. पण मागे मी गोदामात जाऊन भांडले तर त्याचा उरलेला पगारही लटकला, म्हणून जिवाला आवर घातला.

एवढं करून परवा त्या लोकांनी काय करावं? त्यांच्यातली एक बाई दारात आली. हातांना निळा रंग लागलेला, बगलेत कागदाचं पुडकं. तो आतल्या खोलीत होता. मी तिला उंबऱ्याबाहेरच अडवली. ती काहीतरी सांगू बघत होती, तो आजारी आहे का, येत का नाही, असलं काहीतरी. मी म्हटलं, आधी माणसाला रस्त्यावर काढायचं आणि मग चौकशीला यायचं, ही कुठली तऱ्हा? उरलेलं सामान द्या आणि चालत्या व्हा. ती नुसती बघतच राहिली. पुडकं हातात दिलं आणि गेली. मी ते न उघडता माझ्या कपाटात साड्यांच्या खाली सरकवलं. बघून त्याच्या जखमेवर मीठ कशाला चोळायचं? त्याला काही सांगितलेलं नाही.

बरं केलं ना मी? तेव्हा अगदी बरोबर वाटलं होतं. आता त्या बाईचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही.

जमलं तर ये. नाही जमलं तर पत्र तरी लांबलचक लिही.

तुझी,
मावशी


१ जुलै

चि. भोवऱ्यास,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र वाचून झालं की मावशीच्या कपाटात साड्यांच्या खाली एक पुडकं आहे ते काढ. ती ओरडेल, ओरडू दे. तुझ्या कारखान्यातली रंगारीण ते घेऊन आली होती आणि मावशीने तिला दारातून पिटाळली. मावशीवर रागावू नकोस, तिने ते तुझ्यासाठीच केलं. मीही तिच्या जागी असते तर हेच केलं असतं, फक्त जरा गोड बोलून.

पुडक्यात काय आहे ते मला माहीत नाही. पण त्या बाईने विचारलं, की तो येत का नाही. काढून टाकलेल्या माणसाबद्दल कुणी असं विचारतं का? आणि जिला तुझा कोपरा बळकवायचा आहे, ती बाई तुझं सामान घेऊन जिने कशाला चढेल? मी रात्रंदिवस उलटसुलट विचार केला आणि माझं डोकं भणाणून गेलं. भोवऱ्या, मला माहीत नाही. हे वाक्य मी तुला कधी लिहिलं नव्हतं. तिथल्या माणसांना मी पाहिलेलं नाही, त्यांचा आवाज ऐकलेला नाही, आणि एवढ्या लांबून तुला त्यांचे अर्थ सांगत बसले. सगळे चुकले असणार. फडक्याचा तर नक्कीच.

म्हणून मी दिलेला सल्ला मागे घेते. तोंड उघड. उद्या जा आणि त्यांनाच विचार. काम शोधायला जा असं मी म्हणत नाहीये, तू ते ठरवून टाकलंस. पण का गेलं ते कुणी सांगत नाही, हेच तुझं दुःख होतं ना? या वेळी विचारून तरी बघ. वाईट उत्तर आलं तर निदान शोधत बसावं लागणार नाही. मला भीती वाटतेय, तरी सांगतेय.

पदराला बांधून ठेवलेली सगळी माया तुझ्याबरोबर पाठवतेय.

तुझी,
ताई


५ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मला कायम केलंय. बातमी पहिल्या ओळीत.

पुडक्यात नवा निळा एप्रन होता, खिशावर दोऱ्याने 'मौनीबाबा' असं भरलेलं आणि खिशात माझी चावी. मावशी बघून खालीच बसली. मला तर अजूनच गोंधळल्यासारखं झालं. चावी कारखान्याची आहे. काढलेल्या माणसाला चावी देतात का? एप्रन बगलेत धरून मी गेलो. दारात उभा राहिलो आणि रस्त्यात घोकलेलं वाक्य मोठ्याने म्हटलं, की माझा खिळा रिकामा का आहे.

सगळे एकदम टाळ्या वाजवायला लागले. मी कानांवर हात ठेवले. तेव्हा रंगारीण सगळ्यांवर ओरडली आणि टाळ्या थांबल्या. मग ते हातातली फडकी हवेत हलवायला लागले, आवाज न करता. ते बघायला बरं वाटलं.

मिस्त्रींनी मला आत नेऊन सगळं सांगितलं. तिथे कुणाला कायम केलं, की आदल्या संध्याकाळी त्याचा खिळा रिकामा करतात, स्टूल उलटं ठेवतात आणि सकाळी कुणी त्याच्याशी बोलत नाही. तो घाबरून विचारतो, माझं सामान कुठे गेलं? त्याने विचारलं की नवा एप्रन द्यायचा. इतक्या वर्षांत विचारलं नाही असं कधी झालं नव्हतं. त्यामुळे मी किल्ली ठेवून निघालो तेव्हा आता काय करायचं ते एकालाही सुचेना. मिस्त्री तोंड फिरवून हसत होते म्हणे. मग त्यांना वाटलं, मी टेबलावर किल्ली ठेवली म्हणजे मला दुसरीकडे चांगलं काम मिळालं असणार. कुणी म्हणालं, मौनीबाबा नाव लागलं असेल. रंगारीण चौकशीला आली, तिला मावशीने घालवलं, तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली की आम्ही घरदार त्यांच्यावर रागावलोय. ताई, तेही सगळे बसून शोधत होते. मला वाटायचं मीच एकटा शोधतो.

चाकं घेऊन जाताना मिस्त्री काही का बोलत नाहीत, तेही विचारून टाकलं. म्हणाले, बोलण्यासारखं काही नसतं. दुसऱ्यांची चाकं परत तपासावी लागतात म्हणून ओरडतात. फडक्याचं मी रंगारिणीलाच विचारलं. ती ज्यांच्याशी पटतं त्यांनाच फडकं मारते. मी घडी करून परत द्यायचो तो तिला खेळ वाटायचा. एप्रिलमध्ये मी तो थांबवला तेव्हा तिला वाईट वाटलं होतं. तू सांगितलंस म्हणून थांबवलं, हे मी तिला सांगितलं. तुला राग येणार नाही ना?

मिस्त्रींना मी म्हणालो, की तुमची ही रीत वाईट आहे. ते म्हणाले, सगळ्यांना आवडते. मी म्हणालो, मला नाही आवडली, मला वाटलं माझं आयुष्य संपलं. ते उठून मला माझ्या कोपऱ्यात घेऊन गेले. मग चाकांचा ढीग दाखवला आणि म्हणाले, हा तुझ्यासाठी साठलाय.

लोभ आहे हे कळलं. तसाच असू दे.

तुझा,
भोवरा


९ जुलै

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

ज्या बाईला मी उंबऱ्यावरून हाकललं तिला त्याने रविवारी जेवायला बोलावलंय. मला न विचारता! आता तोंड कुठे लपवू ते सांग. मी विचारलं, ती माझ्याबद्दल काय म्हणाली? तर म्हणतो, तूच विचार. घरात हे नवीनच सुरू झालंय.

गुडघे दुखताहेत, पण घरभर झाडलोट केली. आशीर्वाद आहेतच.

तुझी,
मावशी


२२ नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पंक्चर काढणारे काका काल कायम झाले. ते पूर्वी बस चालवायचे, नजर अधू झाली म्हणून ते काम सुटलं. आमच्याकडे पावसाळ्यात लागले. माझ्यानंतर तेच पहिले, त्यामुळे त्यांचा खिळा रिकामा करायचं काम माझ्यावर आलं. शेवटी कायम झालेल्याने पुढच्याचा खिळा रिकामा करायचा, रीतच तशी आहे.

मी परवा संध्याकाळी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, की उद्या तुमचा खिळा रिकामा असेल, कुणी बोलणार नाही, घाबरू नका, तुम्ही कायम झालात. सामान कुठे गेलं असं विचारा, म्हणजे एप्रन मिळेल. हेही सांगितलं, की एप्रनवर 'ड्रायव्हरसाहेब' लिहिलंय आणि रंग आवडला नाही तर बदलून मिळेल. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग बरं म्हणाले. मी हे मिस्त्रींनाही जाऊन सांगितलं, कारण लपवून करायचं नव्हतं. ते कपाळाला हात लावून बसले. रंगारिणीने माझ्यावर फडकं फेकलं, जोरात. ते रागाचं होतं की खेळाचं ते विचारलं, तर म्हणाली दोन्ही.

काल सकाळी काका आले. खिळा बघितला, उलटं स्टूल बघितलं. मग त्यांनी 'माझं सामान कुठे आहे?' असं विचारलं. आम्ही फडकी हलवली, टाळ्या आता कुणी वाजवत नाही. एप्रन घालताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मला हे समजेना. सगळं आधी सांगितलं होतं, कुठलीच गोष्ट वेगळी घडली नाही, मग पाणी का? हे तुला लिहून विचारणार होतो. पण तू इथे नाहीस, काका होते, म्हणून त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, तू सांगितलंस ते खरं रे, पण तो रिकामा खिळा बघितल्यावर पोटात गोळा आलाच. बसचं काम सुटलं त्या दिवसापासून तो असाच येतो.

ताई, मला वाटायचं तो गोळा फक्त मला येतो, कारण मला माणसं कळत नाहीत. काकांना माणसं कळतात. शिवाय त्यांना सगळं माहीत होतं. तरी आला. मी त्यांना सांगितलं, मलाही आला होता. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. अचानक कुणी हात लावलेला मला आवडत नाही, म्हणून मी पुढच्या वेळी आधी सांगा म्हणालो. ते बरं म्हणाले, पण हात लगेच काढला नाही. मीही राहू दिला.

मग मी मिस्त्रींकडे गेलो आणि सुचवलं, की यापुढे चावी असो वा पाना, एक तरी वस्तू खिळ्यावर राहू द्यावी. सगळा खिळा रिकामा करू नये. विचार करतो म्हणाले. विचार करतो म्हणजे हो की नाही, ते मी त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, अजून त्यांनाही माहीत नाही.

या पत्रात तुला विचारण्यासारखं काही उरलं नाही. तरी उत्तर लिही.

तुझा,
भोवरा